मूठभर नमुना आणि कर्करोगाचे औषध

लातूरच्या आडत बाजारात तुरीचा ढीग सौद्याला लागतो, तेव्हा खरेदीदार त्यातील मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो, ओलावा आणि माती यांचा अंदाज बांधतो आणि मगच बोली लावतो. मुठीतला दाणा आणि ढिगातला दाणा एकच असल्यामुळे हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्तपणे चालत आला आहे. नमुन्यावरून मालाची पारख करण्याची ही सवय व्यापारी घराण्यांच्या अंगात पुरती मुरलेली आहे. म्हणूनच की काय, ‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्या’ अशी बातमी वाचताच अशा घरांतील शहाणीसुरती माणसेही सौदा पक्का झाला असे समजतात. प्रयोगशाळेतील नमुना आणि रुग्णाचे शरीर यांचे नाते मात्र मूठ आणि ढीग यांच्या नात्यासारखे नसते. ते नेमके कसे असते, हे समजून घेणे आज अनेक कुटुंबांच्या दृष्टीने अगत्याचे झाले आहे. घरात कर्करोगाचे निदान होते, पहिल्या आठ दिवसांतच नातेवाइकांकडून अशी दहा-बारा कात्रणे भ्रमणध्वनीवर येऊन पडतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या भरवशावर शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख पुढे ढकलली जाते.

वनौषधींवरील हा विश्वास आजकालचा नव्हे. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत असत आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. त्याच वंशातील नृपतुंग अमोघवर्ष यांच्या राजसभेत, नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी औषधासाठी मांस वापरण्याचे कारण नाही, हे विद्वान आणि वैद्य यांच्यासमोर प्रतिपादन केले. मद्य, मांस आणि मधु यांना दूर ठेवणारा त्यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ १९४० मध्ये सोलापूरहून छापून प्रसिद्ध झाला. औषधदानाला आहारदानाच्या पंक्तीला बसविणाऱ्या समाजात वनस्पतींच्या औषधांविषयी जिव्हाळा असावा, हे स्वाभाविकच आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे: उग्रादित्यांनी आपली बाजू सभेत, प्रतिपक्षाच्या देखत मांडली. आज प्रयोगशाळेत वनस्पतीची जी परीक्षा घेतली जाते, तिचा हेतूही तोच आहे. फक्त सभेची जागा यंत्रांनी आणि आकड्यांनी घेतली आहे.

ही परीक्षा आपल्या राज्यात प्रामुख्याने कोठे होते? नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. तेथे कर्करोगविरोधी द्रव्यांची चाचणी करून देणारी स्वतंत्र सुविधा असून महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्र आणि विज्ञान महाविद्यालयांतील अनेक संशोधक आपापले अर्क तेथे पाठवितात. लातूर आणि नांदेड येथे फार्मसीची महाविद्यालये आहेत. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि रसशाळा आहे. बालाघाटच्या माळरानावर किंवा किनवटच्या जंगलात सापडणाऱ्या एखाद्या वनस्पतीवर येथला विद्यार्थी प्रबंध लिहू लागला, की त्याच्या कामाची पहिली पायरी बहुधा अशा चाचणीचीच असते.

तत्पूर्वी वनस्पतीची ओळख पटवावी लागते. काष्ठौषधींच्या व्यापारात ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांना हे सांगावयास नको. अशोकाची साल म्हणून शोभेच्या उंच ‘आसुपालवा’ची साल गळ्यात मारली जाते, हे त्या बाजारातले उघड गुपित आहे. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ रोपाची ओळख प्रमाणित करतो आणि त्याचा दाबून वाळविलेला नमुना जपून ठेवला जातो. मग पाने, साल किंवा मूळ सावलीत वाळवून त्याची भुकटी करतात, ती मद्यार्कात अथवा पाण्यात भिजवतात, द्राव उडवून टाकतात आणि तळाशी जो चिकट, गडद लगदा उरतो तोच अर्क. त्यात शेकडो रसायने एकत्र नांदत असतात.

चाचणीसाठी प्लास्टिकची एक ताटली घेतात, तिला ९६ खळगे असतात. त्या खळग्यांत कर्करोगाच्या जिवंत पेशी सोडतात. या पेशी कोठून येतात, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. जगभर स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी वापरला जाणारा ‘एमसीएफ-७’ हा पेशीवंश १९७० मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातील कॅथरिन फ्रान्सिस नावाच्या एका ख्रिस्ती साध्वीच्या शरीरातून मिळाला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या पेशी आजही हजारो प्रयोगशाळांत वाढत आहेत आणि त्यांच्यावर तपासलेल्या औषधांनी किती स्त्रियांना जीवन दिले असेल याची मोजदाद होणे नाही. आपल्या पश्चात घडणाऱ्या दानाची कल्पना या समाजाला नवी नाही. परंतु असे दान कोणाच्या स्वप्नातही नसेल.

पेशी खळग्यांत स्थिरावल्या की त्यांवर अर्काच्या चार मात्रा सोडतात: एक मिलिलिटरला १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, तेव्हा २० मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा पन्नास हजारावा हिस्सा झाला. तुलनेसाठी काही खळग्यांत ॲड्रिॲमायसिन हे रुग्णालयात प्रत्यक्ष वापरले जाणारे औषध घालतात. काही खळगे अर्काविना ठेवतात. अठ्ठेचाळीस तासांनंतर पेशी आम्लाने जागच्या जागी स्थिर करून त्यांना सल्फोऱ्होडामाइन नावाचा झगझगीत गुलाबी रंग देतात. हा रंग पेशींतील प्रथिनांना चिकटतो, म्हणून जितक्या पेशी अधिक तितका गुलाबी गडद. यंत्र प्रत्येक खळग्याच्या रंगाची तीव्रता मोजते आणि कोणत्या मात्रेला पेशींची वाढ निम्म्यावर आली, तो आकडा काढला जातो. वनस्पतीच्या कच्च्या अर्काने २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत वाढ निम्मी केली तर तो परिणामकारक मानतात. शुद्ध रसायनासाठी कसोटी अधिक कडक, म्हणजे १० मायक्रोग्रॅमची आहे.

चाचणी अशी आहे. तिचा निकाल प्रामाणिक असतो आणि तो सांगतो एवढेच, की या ताटलीत, या पेशींची वाढ, इतक्या मात्रेला निम्मी झाली. वृत्तपत्राच्या मथळ्यात पोहोचेपर्यंत त्याचे ‘कर्करोगावर रामबाण’ होते. वास्तविक पाहता पुरेशा प्रमाणात ओतल्यास फिनेलही कर्करोगाच्या पेशी मारते. ताटलीत पेशी मारणे ही अवघड गोष्टच नव्हे. अवघड आहे ते निरोगी पेशींना अभय देऊन केवळ रोगट पेशींना गाठणे. म्हणून चांगला संशोधक हाच अर्क निकोप पेशींवरही सोडून पाहतो. कोणत्याही बातमीत प्रथम शोधावे ते हेच वाक्य, आणि नेमके तेच बहुधा सापडत नाही.

अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकासाठी येथे एक तपशील नोंदविला पाहिजे. ताटलीतील चाचणीत प्राण्यावर प्रत्यक्ष प्रयोग होत नाही, तरी पेशींना पोसण्यासाठी जो द्रव वापरतात त्यात वासराच्या गर्भाच्या रक्तातील द्रव सामान्यपणे दहा टक्के असतो. त्याला पर्याय शोधण्याचे काम जगात चालू आहे. भारत सरकारनेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अन्य पद्धतींनी केलेल्या चाचण्यांना मार्ग मोकळा केला. नवव्या शतकातील त्या राजसभेतला प्रश्न अजून मिटलेला नाही, तो वेगळ्या वेषात उभा आहे इतकेच.

आता हळदीचा हिशोब करू. हिंगोली-नांदेडचा पट्टा हळदीसाठी नावाजलेला आहे आणि वसमतची हळद देशभर जाते, त्यामुळे हा हिशोब या भागातील व्यापाऱ्यांना जवळचा वाटेल. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य ताटलीतील कर्करोगपेशींची वाढ रोखते, याविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही. त्यावर निबंधांचे डोंगर उभे आहेत. तैवानमधील डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवी रुग्णांना रोज आठ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन तोंडावाटे दिले आणि रक्तात ते किती उतरले हे मोजले. सर्वांत वरची पातळी भरली मिलिलिटरला सुमारे ०.६५ मायक्रोग्रॅम. खारघरची शुद्ध द्रव्याची कसोटी १० मायक्रोग्रॅमची, म्हणजे रक्तात पोहोचला तो तिचा जेमतेम पंधरावा हिस्सा. उरलेले आतडे आणि यकृत यांनी रूपांतरित करून बाहेर टाकले. शिवाय हळकुंडात कर्क्युमिन असते शेकडा तीनच्या आसपास, तेव्हा आठ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे दररोज पाव किलोहून अधिक हळद झाली. दुधात चमचाभर हळद घालून पिण्यात काही वावगे नाही. त्या चमच्यावर गाठ विरघळविण्याची जबाबदारी टाकणे मात्र हिशोबाला धरून नाही.

याचा अर्थ वनस्पतींत कर्करोगाचे औषध नाही असा कोणी घेऊ नये. ते आहे, आणि भरपूर आहे. मराठवाड्यात अंगणाअंगणात, तुळशीवृंदावनाशेजारी फुललेली सदाफुली पाहा. मूळची मादागास्करची ही वनस्पती मधुमेहावर गुणकारी समजली जाई. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो गुण पडताळण्यासाठी उंदरांवर प्रयोग केले. साखर काही उतरली नाही, रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. नोबल आणि बीअर यांनी त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन वेगळे केले. त्याच वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टिन या दुसऱ्या द्रव्याला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत ते आजही आहे. वाळलेल्या पानांच्या कित्येक क्विंटलांतून ते ग्रामाग्रामाने काढावे लागते आणि शिरेतून, अत्यंत काटेकोर मात्रेत द्यावे लागते. हीच पाने सकाळी चावून खाणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना रोगाची मात्रा मिळत नाही, विषाची मिळू शकते.

या सगळ्या इतिहासात एक महाराष्ट्रीय नाव ठळकपणे येते आणि ते आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक नसावे, याची खंत वाटल्याखेरीज राहत नाही. मनसुख वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचे शिक्षण घेतल्यानंतर ते अमेरिकेस गेले, इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था त्या काळी जगभरातून वनस्पती गोळा करून तपासून घेत होती. १९६० ते १९८२ या अवधीत सुमारे ३५,००० वनस्पतींचे सुमारे १,१४,००० अर्क तपासले गेले. त्या अफाट ढिगाऱ्यातून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचलेली औषधे बोटांवर मोजण्याइतकी. आणि त्यांतील दोन सर्वांत मोठ्या औषधांची मूळ द्रव्ये वॉल आणि वाणी यांच्या प्रयोगशाळेत सापडली.

पहिले कॅम्पटोथेसिन. चीनमधील एका वृक्षापासून त्यांनी ते वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. दुसरे टॅक्सॉल. १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून ‘पॅसिफिक यू’ या सदाहरित वृक्षाची साल आणली गेली. बारा किलो सालीतून आणि फांद्यांतून हाती लागले अर्धा ग्रॅम द्रव्य, म्हणजे लाखात चार भाग. एवढ्याशा ऐवजावर काम करून त्यांनी १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली. त्यानंतरही ते पडूनच होते. ते पेशीचे विभाजन नेमके कसे अडविते, हे सूझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखविले तेव्हा कोठे औषधशास्त्रज्ञांचे कान टवकारले, आणि १९९२ मध्ये ते अंडाशयाच्या कर्करोगावर मान्यताप्राप्त औषध झाले. साल गोळा केल्यापासून तीस वर्षे लोटली होती.

कॅम्पटोथेसिनचीही तीच गत. ताटलीत आणि प्राण्यांत उत्तम ठरलेले हे द्रव्य माणसांना देऊन पाहिले, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होण्यासारखे गंभीर दुष्परिणाम दिसले आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी चाचण्या थांबवाव्या लागल्या. एखादी पेढी बुडाली की दुसऱ्या दिवशी तिचे नाव कोणी काढीत नाही, तसे त्याचे झाले. १९८५ मध्ये ते कोणत्या विकरावर काम करते हे कळले, मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत फेरफार केले, आणि १९९६ मध्ये टोपोटेकान व इरिनोटेकान ही दोन औषधे अमेरिकेत मान्य झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकान आज भारतातही सर्रास दिले जाते. येथेही तीसच वर्षे. वाणी यांचे २०२० मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन निधन झाले.

या कॅम्पटोथेसिनचा आपल्या सह्याद्रीशी निकटचा संबंध आहे. मुंबईत गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र होते आणि टी. आर. गोविंदाचारी तेथे संचालक होते. सह्याद्रीत वाढणाऱ्या, कोकण-घाटमाथ्यावर ‘नरक्या’ अथवा ‘घाणेरा’ म्हणून हिणविल्या जाणाऱ्या एका लहान झाडात हेच द्रव्य चिनी वृक्षाहून कित्येक पटींनी अधिक आहे, असे त्यांनी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. फुलांच्या दुर्गंधीमुळे ज्याला कोणी सरपणालाही हात लावीत नसे, ते झाड पुढे औषधकंपन्यांच्या मागणीमुळे सोन्याच्या मोलाचे झाले. हे द्रव्य झाडाच्या सर्वच भागांत असते, पण मूळ आणि खोड यांत ते विशेष मिळते; त्यामुळे झाड तोडून, प्रसंगी मुळासकट उपटून विकले जाऊ लागले. सिंधुदुर्गाच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड आणि वाहतूक वनखात्याने वारंवार पकडली आहे. हिमालयातील यू वृक्षाची गोष्टही निराळी नाही. टॅक्सॉलच्या मागणीने त्याचे रान इतके विरळ झाले की १९९५ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आणावा लागला.

व्यापारी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. नरक्या तोडणाऱ्या मजुराला मिळणारी किंमत आणि इरिनोटेकानच्या कुपीची किंमत यांमधील अंतर ज्या हातांतून पार होते, ते हात व्यापाराचेच असतात. काष्ठौषधींचा धंदा हा सन्मान्य धंदा आहे आणि त्यात पिढ्या घालविलेली घराणी महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. पण माल कोठून आला, परवान्यासह आला की रात्रीच्या गाडीने आला, हे विचारण्याची जबाबदारी खरेदीदाराला टाळता येत नाही. झाड मुळासकट उपटणे ही केवळ वनकायद्याची बाब आहे असे मानणाऱ्याने कंदमुळांचा नियम आपल्या घरात कशासाठी पाळला जातो, याचाही विचार करून पाहावा. सुदैवाने संशोधक पर्याय शोधीत आहेत. नरक्याच्या झाडात राहणारी एक बुरशीही कॅम्पटोथेसिन तयार करते, हे जम्मूच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. टॅक्सॉलसाठी तर झाडाची साल काढण्याची गरजच उरलेली नाही. पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या पानांतील द्रव्यापासून आणि टाक्यांत वाढविलेल्या वनस्पतिपेशींपासून ते बनविता येते.

ताटलीनंतर प्राणी, प्राण्यांनंतर माणसे, असा हा क्रम आहे आणि माणसांवरील परीक्षेत दोन गटांची तुलना करावीच लागते. ती तुलना कशी असते याचे एक उत्कृष्ट उदाहरण लातूरच्या शेजारीच घडले आहे. ते औषधाचे नसून रोगतपासणीच्या पद्धतींचे आहे, पण रीत तीच. १९८२ पर्यंत लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता, त्या जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात सहभागी होते. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. काही गटांत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची, आणि उरलेल्यांत नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनंतर नेहमीच्या व्यवस्थेतील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या रोगाने दगावल्या होत्या. विषाणूची एकदाच चाचणी देऊ केलेल्या गटातील ३४,१२६ पैकी ३४ जणी. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतीही तज्ज्ञांना भरवशाच्या वाटत होत्या, पण मृत्यूंत त्यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तुलनेचा गट नसता तर तिन्ही पद्धतींना सारखेच यश मिळाले असे वाटले असते. २००९ मध्ये हा अभ्यास जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. परंडा-भूमच्या शेतकरी स्त्रियांनी जगाला जे शिकविले, ते लातूरच्या बाजारात फारसे कोणाला माहीत नाही.

मग घरात रोग आला तर काय करावे? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक हिशोब येथे उपयोगी पडेल. रोग शरीरभर पसरलेला नसताना ज्या २८१ रुग्णांनी आधुनिक उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांची तुलना प्रस्थापित उपचार घेणाऱ्या तशाच ५६० रुग्णांशी केली गेली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट आढळला, स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटींहून अधिक. त्यात आयुर्वेदाची वेगळी आकडेवारी नाही, तेव्हा तो आयुर्वेदावरील निकाल समजू नये. वेळेत होऊ शकणारी शस्त्रक्रिया टाळली तर काय मोजावे लागते, त्याचा मात्र तो निकाल निश्चित आहे. बँकेचे हप्ते थकले तर पुनर्रचना होते. वाढत्या गाठीची होत नाही.

कायद्याकडेही लक्ष वेधले पाहिजे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५५ पासून लागू आहे आणि ज्या रोगांवरील उपचारांची जाहिरात त्याने निषिद्ध केली आहे त्यांच्या यादीत कर्करोग आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानाच्या काउंटरवर ‘कॅन्सरनाशक चूर्णा’ची पत्रके ठेवणाऱ्याने हे जाणून असावे. त्याच काउंटरवर चूर्णाशेजारी तंबाखूच्या पुड्यांची माळ लटकत असेल, तर त्या दुकानाविषयी काय बोलावे!

आयुर्वेदाचा आधार घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पुण्याजवळ वाघोली येथे वैद्य आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र काम करतात. भूक, झोप, अशक्तपणा यांसाठी वैद्यांची मदत अनेक रुग्ण घेतात. धोका आहे तो लपवाछपवीत. युरोपात उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या ‘सेंट जॉन्स वर्ट’ या वनस्पतीमुळे इरिनोटेकानपासून शरीरात बनणाऱ्या कार्यकारी द्रव्याचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्याचे २००२ मध्ये आढळले. एका वनस्पतीने दुसऱ्या वनस्पतीचे औषध निकामी केले. आपल्याकडील काढ्यांत कोणती द्रव्ये अशी आहेत, हे रुग्णाने स्वतः ठरवावयाचे नाही. तेव्हा केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाच्या घरी जे काही चूर्ण, काढा, आसव किंवा गोळ्या चालू असतील, त्यांची नावे आणि मात्रा एका कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. पुडीवर नाव नसेल तर पुडीच न्यावी. डॉक्टर रागावतील या भीतीने पुष्कळ घरांतून हे सांगितले जात नाही. परंतु मात्रा ठरविण्यापूर्वी त्यांना ते कळणे त्यांच्यापेक्षा रुग्णाच्या गरजेचे आहे, आणि रक्ततपासणीत यकृताचे आकडे अकस्मात वाढलेले दिसले, तर कारण शोधण्यात जाणारे चार दिवसही वाचतात.